दोन मीटरवरची खुर्ची

पहिला आठवडाभर मी नुसतं पाणी भरत होते. पुढ्यात शिशाच्या विटांचा आडोसा, त्यावर शिसं घातलेली जाड पिवळसर काच, आणि काचेपलीकडे आपलेच दोन हात कुणा परक्याचे असावेत तसे दिसतात. बाटलीतून १ मिलि पाणी सिरिंजमध्ये ओढायचं, बुडबुडा काढायचा, एका हाताने सुईवर टोपण चढवायचं, सिरिंज डोस कॅलिब्रेटरच्या, म्हणजे किरणोत्सार मोजायच्या यंत्राच्या, विहिरीत सोडायची, आकडा वाचायचा (पाण्याचा आकडा शून्यच, तरी वाचायचा), आणि मग ती टंगस्टनच्या कवचात बसवायची. शेजारी आमचे सीनियर टेक्नॉलॉजिस्ट सर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभे. पहिल्या दिवशी मला २ मिनिटं ४० सेकंद लागले. "एवढ्या वेळात तुमच्या तासगावात द्राक्षाची पेटी भरून होत असेल," सर म्हणाले. याला कोल्ड रन म्हणतात. आठवड्याने मी ३५ सेकंदांवर आले, तेव्हा कुठे खऱ्या, किरणोत्सारी डोसला हात लावायची परवानगी मिळाली.

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजीच्या पदविकेला मुंबईला आले. गावाकडे हे नाव सांगितलं की दोनच प्रतिक्रिया येत. एक म्हणजे, "अणुबाँबचं औषध?" दुसरी, "हां, म्हणजे एक्स-रेवाली." दुसरी जास्त त्रासदायक, कारण ती जवळपास बरोबर वाटते आणि नेमकी उलटी आहे. एक्स-रेमध्ये मशीन किरणं सोडतं आणि माणूस ती झेलतो. बटण सोडलं की खेळ संपला. आमच्याकडे माणसाच्या शिरेत औषध जातं आणि मग माणूसच किरणं सोडत राहतो. मशीन नुसतं बघत बसतं. माणसाला बटण नसतं.

म्हणून सगळ्या शिकवणीचा पाया तीन शब्दांवर: वेळ, अंतर, आडोसा. कमी वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये काहीतरी ठेवा. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं. वॉर्डात मला त्यातल्या मधल्या शब्दाशी वर्षभर झटापट करावी लागली.

सकाळचं पहिलं काम जनरेटरचं. जनरेटर म्हणजे बादलीएवढं, उचलताना कंबर धरेल असं शिशाचं डबडं. आत काचेच्या नळीत ॲल्युमिना, त्याला चिकटलेलं मॉलिब्डेनम-९९. ते सतत क्षय पावून टेक्नेशियम-९९एम होत असतं, आणि आम्ही शिरेत देतो ते हेच. एका बाजूला सलाइनची बाटली लावायची, दुसऱ्या बाजूला निर्वात बाटली. पोकळी सलाइन ओढून घेते, सलाइनबरोबर टेक्नेशियम धुऊन येतं, मॉलिब्डेनम जागेवर राहतं. याला जगभर गाय दोहणं म्हणतात, आणि आमच्याकडेही "मिल्किंग झालं का?" असंच विचारतात. घरी दोन म्हशी असल्यामुळे मला हे लगेच कळलं. रोज ठरल्या वेळी काढलं तर भरपूर देते, सहा तासांनी मध्येच गेलात तर जेमतेम निम्मं. आणि म्हैस आटते तसा जनरेटरही आटतो. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं होऊन जायला लागणारा वेळ, ६६ तास, त्यामुळे आठवड्याने सहावा हिस्सा उरलेला असतो. दुधात पाणी आहे का बघतात, तसं इथे काढलेल्या टेक्नेशियममध्ये मॉलिब्डेनम उतरलंय का ते रोज बघायचं. १ मिलीक्यूरीमागे (क्यूरी हे किरणोत्साराचं माप) ०.१५ मायक्रोक्यूरीच्या वर गेलं तर ती बाटली रुग्णासाठी नाही. हे मॉलिब्डेनम जगात मोजक्याच अणुभट्ट्यांत तयार होतं. कुठेतरी भट्टी बंद पडली, विमान चुकलं, की इकडे आमच्या यादीतल्या माणसांना फोन करून "पुढच्या आठवड्यात या" सांगायचं. हे फोन शिकाऊ मुलींच्याच वाट्याला येतात.

टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तास. म्हणजे सकाळी आठला भरलेल्या डोसमधलं अकरा वाजेपर्यंत सुमारे ३० टक्के गेलेलं असतं, कुणी हात न लावता. अकराला २० मिलीक्यूरी हवे असतील तर आठला २८ भरायचे. मुंबईत या गणितात एक पद वाढतं ते मध्य रेल्वेचं. कसाऱ्याहून येणारे काका गाडीत अडकले की त्यांचा डोस शिशाच्या डब्यात बसून कमी कमी होत जातो, आणि मी दर अर्ध्या तासाने आकडा काढत बसते. सरांना तक्ता लागत नसे. घड्याळाकडे बघून ते दशांशासकट सांगत. मला वहीवर करावं लागे, आणि पहिले दोन महिने मी रात्री झोपेतही भागाकार करत असे.

माणसातून येणारी किरणं टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती मला फार दिवस विचित्र वाटत होती. रोज सकाळी कोबाल्ट-५७चा सपाट पत्रा ठेवून चित्र एकसारखं येतंय का बघायचं, खोलीचा एसी बंद पडू द्यायचा नाही कारण आतला सोडियम आयोडाइडचा स्फटिक तापमानाच्या धक्क्याने तडकतो, हे सगळं ठीक. पण कॅमेरा माणसाच्या जितका जवळ, तितकं चित्र स्पष्ट. म्हणजे डिटेक्टर अगदी छातीला लागेल इतका खाली आणायचा, दोन बोटं अंतर ठेवायचं, आणि तो आणून झाला की आपण मात्र झटकन लांब व्हायचं. झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर एवढं मोठं धूड उतरतं आणि ते उतरवणारी बाई मागे मागे सरकते. त्यांच्या जागी मी असते तर उठून पळाले असते.

बोन स्कॅनच्या एका दिवसाने मला जन्माची अद्दल घडवली. बोन स्कॅनला इंजेक्शन दिल्यावर अडीच-तीन तास थांबवतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात, कारण हाडांत न गेलेलं औषध लघवीवाटे बाहेर पडायला हवं. प्रोस्टेटच्या कॅन्सरचे एक काका होते, साठीच्या पुढचे. स्कॅन झाला आणि पडद्यावर उजव्या मांडीच्या वरच्या टोकाशी एक ठळक काळा ठिपका. माझ्या पोटात गोळा आला. हाडात पसरलाय, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या काकूंकडे बघायचं टाळत सरांकडे गेले. सरांनी पडद्याकडे दोन सेकंद पाहिलं. "पायजमा बदलायला सांगितला होतास?" नव्हता सांगितला. काकांना रुग्णालयाचा पायजमा दिला, मांडी पुसायला लावली, तेवढाच भाग परत घेतला. ठिपका गायब. कापडावर पडलेला लघवीचा एक थेंब होता तो.

त्यानंतर मी सगळ्यांना सांगते. पण सांगायचं कसं, हे कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं. बावीस वर्षांच्या मुलीने आजोबांच्या वयाच्या माणसाला "काका, लघवीला जाऊन या, आणि बसून करा, थेंब उडता कामा नये" हे कोणत्या सुरात म्हणायचं? पहिल्या काही वेळा मी भिंतीकडे बघून बोलले. मग आमच्या मॅडमनी त्यांची पद्धत दाखवली. त्या हे वाक्य "डावीकडे वळून सरळ जा" म्हणावं तितक्या सपाटपणे म्हणतात. लाज दोघांपैकी एकाने सोडली की दुसऱ्याची आपोआप सुटते. आता मीही तसंच म्हणते, फक्त "बसून करा" थोडं भरभर म्हणते.

सांडलं एकदाच. शुक्रवारची सकाळ, साधारण अकरा. इंजेक्शन देताना सिरिंज आणि बारीक नळीचा जोड निसटला आणि टेक्नेशियम फरशीवर, टेबलाच्या पायावर आणि माझ्या डाव्या बुटावर. मी तोंड उघडून उभी. मॅडम आतून म्हणाल्या, "आधी ओरड, घाबर नंतर." म्हणजे पहिल्यांदा बाकीच्यांना सावध करायचं, कुणाला त्यातून चालू द्यायचं नाही. मग शोषक कागद टाकायचा आणि बाहेरून आत पुसत यायचं, आतून बाहेर पुसलं तर डाग पसरतो. हात कोमट पाण्याने साबण लावून धुवायचे, घासायचे नाहीत, कातडी सोलली तर ते आत जातं. मॉनिटर हातांवरून शांत गेला, ॲप्रनवरून शांत गेला आणि बुटाशी येऊन रातकिड्यासारखा किरकिरायला लागला. दोनदा पुसूनही बूट ऐकेना. शेवटी तो पिशवीत गेला. वर चिठ्ठी: टेक्नेशियम-९९एम, तारीख, वेळ, रीडिंग. आणि रवानगी कचरा मुरवायच्या खोलीत. दहा अर्धायुष्यं, म्हणजे ६० तास. तोवर हजारावा हिस्साही उरत नाही. नियम सोपा आहे, पण जून महिना होता, बाहेर धो धो पाऊस, आणि मी वॉर्डातल्या मामांची निळी रबरी चप्पल घालून लोकलने घरी गेले. एक बूट हातात घेऊन जाण्यात अर्थ नव्हता, म्हणून दुसराही तिथेच ठेवला. सोमवारी मॉनिटर बुटावरून फिरवला तर चकार शब्द नाही. मामांनी चप्पल धुऊन मागितली.

पेट (PET) स्कॅनचा विभाग वेगळ्या चालीचा. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, त्यामुळे सगळंच धावपळीचं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरला २००२ मध्ये देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे हे फ्लोरिन बनवणारं यंत्र, सुरू झाला. त्याआधी पेट नावाची गोष्ट इथे करताच येत नव्हती, असं जुने लोक सांगतात. आता आमच्याकडे पहाटेच डोस घेऊन गाडी येते. डोस म्हणजे किरणोत्सारी ग्लुकोज. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी खातात, म्हणून त्या उजळतात. आणि म्हणूनच रुग्णाने निदान सहा तास उपाशी असायला हवं.

इथे मराठी माणूस आणि विज्ञान समोरासमोर येतात. "काही खाल्लं नाही ना?" "छे, काहीच नाही." "नक्की?" "पाणीसुद्धा नाही." शुगर तपासली तर २४०. "काका, काहीच घेतलं नाही?" "काहीच नाही म्हणतोय ना. फक्त चहा." चहाला आपल्याकडे कोण खाणं म्हणतं? त्यासोबत बुडवलेली दोन बिस्किटं तर मोजतच नाहीत. हे काका सोलापूरहून रात्रीच्या गाडीने आले होते, मुलगा रजा टाकून सोबत. शुगर उतरायची वाट बघण्याइतका वेळ त्या दिवशीच्या डोसकडे नव्हता. त्यांना परत पाठवावं लागलं. मी तेव्हापासून प्रश्न बदलला. "सकाळपासून चहा किती वेळा झाला?" असं विचारते, उत्तर खरं येतं.

इंजेक्शननंतर तासभर रुग्णांना एका अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं असतं. बोललं तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात, च्युइंगम चघळलं तर जबडा. थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी पेटते आणि गाठींसारखी दिसते, म्हणून एसी असूनही गोधड्या. एक बाई आरती पुटपुटत होत्या. मॅडम म्हणाल्या, मनात म्हणा. त्या म्हणाल्या, मनात म्हटली तर पोचते का? मॅडमनी पोचते म्हणून खात्री दिली.

दिवाळीत घरी गेले तर मोठ्या आत्याने मला माजघरात गाठलं. "ते किरणांचं काम. पुढे मूलबाळ..." पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही, आणि तेच जास्त बोचलं. मी तिला छातीवरच्या टीएलडी बिल्ल्याचा, म्हणजे अंगावर पडलेली किरणं मोजणाऱ्या बिल्ल्याचा, फोटो दाखवला. हा दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, आतापर्यंतचा माझा डोस इतका इतका. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टची (सिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या डोसचं माप) मर्यादा, कुठल्याही एका वर्षात ३०. दिवस गेले की कळवायचं, मग पोटातल्या बाळासाठी मर्यादा १. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो शिशाचा डगला का घालत नाहीस, एक्स-रेवाले घालतात तसला?" प्रश्न हुशारीचा होता. पेटच्या ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे फार जास्त ऊर्जेच्या, किरणांना तो डगला फारसा अडवत नाही, उलट त्याच्या ओझ्याने हात मंदावतात. तिला मी एवढंच सांगितलं की लांब उभं राहणं हाच आमचा डगला. ती म्हणाली, "मग राहा लांब." जणू तेवढंच करायचं होतं.

आयोडीन वॉर्डातली पाळी शेवटच्या टप्प्यात आली. थायरॉइडचा कॅन्सर असलेल्यांना ऑपरेशननंतर आयोडीन-१३१ देतात. ३० मिलीक्यूरीच्या वर दिलं की आपल्याकडे दाखल करूनच. जाड भिंतींची खोली, संडास आतच, आणि त्याचं पाणी वेगळ्या टाकीत महिनोन्महिने मुरवत ठेवतात. भेटायला कुणी यायचं नाही. जेवण दारात ठेवायचं. आमचं काम म्हणजे रोज मीटर घेऊन जायचं, १ मीटरवर रीडिंग घ्यायचं, पाणी प्यायलात का, लिंबाच्या गोळ्या चघळताय ना, फ्लश दोनदा केला ना, एवढं विचारायचं आणि निघायचं.

जालन्याकडच्या एक आजी होत्या. १०० मिलीक्यूरी दिलेले. पहिल्या संध्याकाळी मी दारातूनच विचारपूस केली. सिनेमातल्या पोलिसासारखा मीटर पुढे धरून आत आले, फरशीवरच्या पट्टीवर उभी राहिले, १९० मायक्रोसिव्हर्ट दर तासाला, लिहिलं, वळले.

"पोरी," आजी म्हणाल्या, "इटाळ हाय का माझा?"

मला उत्तर आलं नाही. तो शब्द माझ्या ओळखीचा होता. आमच्याच घरात महिन्यातले चार दिवस आई कोपऱ्यातल्या जाजमावर बसायची आणि ताट तिच्याकडे सरकवलं जायचं, हे मी पाहिलेलं आहे. आणि इथे मी ताट सरकवत होते. "नाही हो आजी, औषधाचे किरण असतात," असं काहीतरी म्हणून मी बाहेर पडले आणि नर्सिंग स्टेशनवर उगाचच फॉर्म चाळत बसले.

रात्री वही काढली. अंतर दुप्पट झालं की डोस चौथा हिस्सा होतो, हे बारावीपासून पाठ. १ मीटरवर २ मिनिटं उभं राहिलं तर साधारण ६ मायक्रोसिव्हर्ट. २ मीटरवर तेवढाच डोस मिळायला ८ मिनिटं लागतात. आणि ६ म्हणजे किती? निसर्गातून, जमिनीतून, आकाशातून, माणसाला जगभरात सरासरी एका दिवसात जवळजवळ तितकंच मिळतं. मी १ मीटरवर घाईघाईने प्रश्न विचारून पळत होते. तेवढ्याच किमतीत दुप्पट लांब बसून चौपट वेळ मिळत होता. इतके दिवस मी अंतर म्हणजे निघून जाणं समजत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. त्यांनी माझं गणित तपासलं, आजींचं कालचं रीडिंग बघितलं, म्हणाले, "पॉकेट डोसिमीटर लाव. आठ मिनिटांचा गजर लाव. काही हाताळू नकोस." मी प्लास्टिकची खुर्ची उचलून नेली आणि खिडकीपाशी, पलंगापासून दोन मीटरवर ठेवली. त्या दिवशी १ मीटरवरचं रीडिंग ८२ वर उतरलं होतं, म्हणजे डोस कालच्या हिशोबापेक्षाही कमीच पडणार होता, पण गजर मी आठचाच ठेवला. आजी आधी बघतच राहिल्या. मग त्यांनी कापसाचा भाव, सुनेचं माहेर आणि पोटच्या पोरापेक्षा जीव लावलेल्या एका बैलाचं मरण, एवढं सगळं त्या आठ मिनिटांत बसवलं. गजर वाजला तेव्हा बैल नुकताच गेला होता. "जा, जा," आजीच म्हणाल्या, "घंटा झाली."

लॉगबुकात मी लिहिलं: रुग्णाशी संवाद, ८ मिनिटं, अंतर २ मी. त्या रकान्यात बाकी सगळ्यांचं "रीडिंग घेतले" असतं. सरांनी काही न बोलता सही केली.

तिसऱ्या दिवशी रीडिंग ३४. १ मीटरवर ५० च्या खाली आलं की घरी सोडतात. मुलगा खाली गाडी घेऊन थांबला होता. मी मीटर बंद करून पलंगाशी गेले, सूचनांचा कागद वाचून दाखवला. पुढचे काही दिवस वेगळं झोपायचं, ताट-वाटी वेगळी, एसटीने नाही तर खासगी गाडीनेच जायचं, आणि घरात लहान मूल असेल तर मांडीवर घ्यायचं नाही.

"नातू हाय की. तीन वर्साचा. यील की पळत."

"आजी, लांबूनच बोला त्याच्याशी. थोडेच दिवस."

आजींनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेल्या आणि खिडकीपाशी अजून तशीच असलेल्या खुर्चीकडे वळून बघितलं.

"मंग त्याला बी एक खुर्ची टाकून देते," त्या म्हणाल्या, "तुझ्यावानी."